दिवा मिचमिचतो आणि वायरमन आला की नीट होतो

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,
आमचं घर बेळगावात वडगावला, आजेसासऱ्यांच्या वेळचं. खाली मातीच्या भिंती, वर अलीकडे बांधलेली एक खोली आणि बाथरूम. मृग लागल्यापासून खाली सोप्यातला आणि स्वयंपाकघरातला दिवा रात्री मधूनच मंद होतो, मिचमिचतो आणि आपोआप नीट होतो. वर असं काही होत नाही. बल्ब बदलले, सोप्यातला होल्डर बदलला, फरक नाही. वायरमन येतो तेव्हा दिवा जागचा हलत नाही. "लाईनीतच गडबड आहे" म्हणतो आणि निघून जातो. दुसरी गोष्ट म्हणजे नळाला पाणी येतं त्या पहाटे कधी कधी घरातले सगळे पंखे एकदम जोरात फिरतात, देवघरातला जुना पिवळा बल्ब भगभगतो. अशाच एका पहाटे टीव्हीचा सेटटॉप बॉक्स जळाला. शिवाय वरच्या बाथरूममधला दिवा बटण बंद केलं तरी मिणमिणत राहतो. मिस्टर पुण्याला कामाला आहेत, दिवाळीला येतील. सासूबाई म्हणतात, तक्रार केलीस तर मीटर काढून नेतील आणि सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेचं शून्य बिल बंद होईल. मला कन्नड नीट बोलता येत नाही, म्हणून फोन करायलाही धीर होत नाही. ते येईपर्यंत थांबू का?
एक वाचक, वडगाव

उत्तर

ताई,

थांबू नका. पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: पंखा आपोआप जोरात फिरायला लागला किंवा तो पिवळा बल्ब भगभगला, तर हातातलं काम टाकून मेन स्विच खाली ओढायचा. टीव्ही बंद करू, फ्रिजची पिन काढू, असं करत बसायचं नाही. थेट मेन. हात कोरडा, पायात रबरी चप्पल. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा ओढायचा हे सासूबाईंनाही आजच दाखवून ठेवा, कारण पहाटे पाणी भरायला बहुधा त्याच आधी उठत असतील.

तुमच्या घरात एक नव्हे, दोन वेगळे बिघाड आहेत, आणि तिसरी एक बारीक चूक आहे. तुमच्या वायरमनला काही सापडत नाही, त्याचं अर्धं कारण हेच. तिन्हींची एकच गोष्ट धरून शोधत गेलं की धागा हाती लागत नाही. "लाईनीतच गडबड आहे" हे त्याचं म्हणणं एका बिघाडाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही.

आधी पहाटेचं बघू, कारण धोका तिथे आहे.

आपल्या गल्लीत खांबावरून तीन फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या, आणि एक न्यूट्रल, म्हणजे तो परत नेणारी, अशा तारा येतात. काही घरं पहिल्या फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या, आणि न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. कुठल्याही फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट असतात, पण एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत ४०० च्या आसपास. न्यूट्रल घट्ट जोडलेला असेल तोवर प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात, शेजारी काय चालू आहे याचा फारसा फरक पडत नाही. हाच न्यूट्रल खांबावरच्या किंवा टीसीजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या, जोडावर ढिला झाला की परतीची वाट बंद होते. मग तुमच्या घरातून निघालेला करंट शेजारच्या, दुसऱ्या फेजवरच्या घरातून वाट काढतो. म्हणजे दोन घरं मिळून त्या ४०० व्होल्टवर लटकतात, आणि वाटणी होते ती भारावर. ज्या घरात भार जास्त, तिथे व्होल्टेज पडतं. ज्या घरात भार कमी, तिथे ते चढतं, कधी ३०० च्या वर.

आता पाण्याची पहाट डोळ्यासमोर आणा. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात. तुमच्या घरात मात्र तेव्हा दोन दिवे, दोन पंखे आणि फ्रिज. भार सगळा तिकडे, व्होल्टेज सगळं तुमच्याकडे. सेटटॉप बॉक्स जळाला तो यामुळे. त्यात बॉक्सचा दोष नव्हता आणि दुरुस्त करून आणलात तर तो पुन्हा जळेल.

हे पडताळून पाहणं सोपं आहे. शेजारी आणि समोर दोन-चार घरी विचारा, पाण्याच्या पहाटे त्यांच्याकडे काय होतं. कुणी सांगेल, "आमच्याकडे तर दिवे अगदी मंद होतात, मोटर उचलत नाही, नुसती घुमते." कुणी सांगेल, "आमचा बल्ब उडाला." एकाच वेळी एका घरी मंद आणि दुसऱ्या घरी भगभगीत असेल, तर न्यूट्रल गेलेला आहे, आणि तो तुमच्या घराबाहेर गेलेला आहे. तुमचं कनेक्शन सिंगल फेजचं आहे असं धरून चाललोय. अशा घरात फक्त तुमच्याच सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटला असता, तर दिवे भगभगले नसते, सरळ गेले असते.

मीटरपर्यंतचा सगळा भाग, म्हणजे टीसी, खांब, खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर, वीज कंपनीच्या ताब्यातला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ती हेस्कॉम. तुमच्या वायरमनने खांबावर चढायचं नाही, मीटरचं सील तोडायचं नाही, आणि तुम्ही त्याला तसं सांगायचंही नाही. १९१२ वर फोन करा. बिलावरचा आर.आर. नंबर, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नंबर, हाताशी ठेवा, गल्लीचं नाव आणि जवळच्या खांबाची खूण सांगा, आणि तक्रारीचा नंबर मागून लिहून घ्या. फोनवर जमलं नाही तर सेक्शन ऑफिसला जाऊन लेखी द्या. शेजारच्या तीन-चार घरांच्या सह्या आणि आर.आर. नंबर एकाच अर्जावर घेतलेत तर फार बरं, कारण मग ती एका घराची कुरकुर राहत नाही, लाईनीचा बिघाड म्हणून नोंद होते.

भाषेमुळे अडून राहू नका. बेळगावात लाईनमनपैकी बऱ्याच जणांना मराठी कळतं. तरी फोनवर समोरचा माणूस कन्नडमध्येच बोलला, तर हे एवढं वाक्य कागदावर लिहून ठेवा आणि वाचा: "न्यूट्रल लूज आगिदे, वोल्टेज हेच्चु-कडिमे आगताइदे." न्यूट्रल ढिला झालाय, व्होल्टेज कमी-जास्त होतंय, एवढाच त्याचा अर्थ. यातला "न्यूट्रल" हा शब्द सर्वात महत्त्वाचा. "लाईट येते-जाते" असं सांगितलंत तर तक्रार इतर पन्नास तक्रारींच्या रांगेत जाते. "न्यूट्रल" ऐकलं की कामाचा माणूस घाई करतो, कारण त्याचा परिणाम काय होतो हे त्याला ठाऊक असतं.

सासूबाईंची भीती मी समजू शकतो. महिन्याचं बिल शून्यावर आलं की घराला मोठा आधार होतो, तो जाईल असं वाटलं की माणूस गप्प बसतो. पण गृहज्योतीचा हिशेब तुमच्या वापराच्या युनिटवर चालतो. आधीच्या वापराची सरासरी, त्यावर थोडी मुभा, आणि कमाल मर्यादा २०० युनिट. खांबावरचा जोड घट्ट करून मागितल्याने त्या हिशेबात काही बदलत नाही. मीटर बदलावा लागला तरी कनेक्शन आणि आर.आर. नंबर तुमचाच राहतो. हे त्यांना शांतपणे सांगा. आणि हेही सांगा, की शून्य बिलाच्या घरात फ्रिज जळाला तर त्याचे पैसे कुणी देत नाही.

लाईनमन येऊन जोड नीट करेपर्यंतचे दिवस कसे काढायचे? टीव्ही, सेटटॉप बॉक्स, वायफायचा डबा, मोबाईलचे चार्जर यांच्या पिना रात्री झोपताना काढून ठेवा. पाण्याच्या पहाटे फ्रिजचीही काढा, बंद फ्रिज दोन तास थंड राहतो. फ्रिजला स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधा स्टॅबिलायझर थोडं कमी-जास्त सांभाळतो, ३०० च्या पुढचा मारा त्याला झेपेलच असं नाही. पुढे जमेल तेव्हा मेनजवळ व्होल्टेज वाढलं किंवा पडलं की घराचा पुरवठा स्वतः तोडणारा, आणि ठीक झालं की थोड्या वेळाने जोडणारा प्रोटेक्टर बसवून घ्या. जुन्या वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक घराला मी तो सांगतो.

आता जे लिहितोय ते नीट वाचा, कारण याच्यापायी माणसं दगावतात. न्यूट्रल गेला की काही वायरमन एक तात्पुरती युक्ती करतात: घरातला न्यूट्रल काढून अर्थिंगच्या तारेला जोडून देतात. दिवे लगेच नीट लागतात, घरचे खूश होतात, तो पैसे घेऊन जातो. पण त्या क्षणापासून घराचा सगळा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला लागतो. अर्थिंगचा खड्डा जुना, कोळसा-मीठ विरून गेलेलं, त्यामुळे जमीन तेवढा करंट सहज घेत नाही. मग अर्थिंगच्या तारेतच व्होल्टेज चढतं. आणि ती तार कुठे कुठे गेलेली असते? फ्रिजच्या पत्र्याला, वॉशिंग मशीनला, गीझरला, मोटारीच्या अंगाला. म्हणजे ज्या तारेने तुम्हाला वाचवायचं, तीच तार घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर करंट आणून ठेवते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी फ्रिजचं दार उघडलं, की संपलं. कुणी कितीही अनुभवी माणूस म्हणाला, "दोन दिवसांपुरतं अर्थवर टाकतो, काही होत नाही," तर नको म्हणा. दोन दिवस मेणबत्तीवर काढा. आणि आधीच कुणी असं करून ठेवलेलं नाही ना, हेही बघायला सांगा. फ्रिजला किंवा मिक्सरच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर संशय पक्का धरा, मेन बंद करा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा.

एवढं झालं की खालच्या दोन दिव्यांकडे वळता येईल.

येणारा-जाणारा बिघाड शोधणं हे बंद पडलेल्या वस्तूपेक्षा अवघड काम आहे. बंद दिवा वायरमनसमोर बंदच राहतो. मिचमिचणारा दिवा तो येईपर्यंत नीट झालेला असतो, आणि तुमचा वायरमन आळशी आहे असं मी म्हणणार नाही, त्याला खरंच काही दिसत नाही. बिघाड होतो तेव्हा घरात तुम्ही असता. म्हणून या कामात त्याच्या टेस्टरपेक्षा तुमचं लक्ष जास्त उपयोगी आहे. एक वही करा. दिवा मंदावला की किती वाजले, कुठला दिवा, त्याच वेळी घरात काय सुरू झालं किंवा बंद झालं, बाहेर पाऊस होता का, एवढं लिहा. दोन ओळी पुरेत. आठवडाभरात त्या वहीतून जे दिसेल ते वायरमनला तासभर बोर्ड उघडून दिसणार नाही.

त्यातही एक गोष्ट मुद्दाम बघा: सोप्यातला आणि स्वयंपाकघरातला दिवा एकाच क्षणी मंदावतात की वेगवेगळ्या वेळी? वेगवेगळे मंदावत असतील तर दोष त्या त्या होल्डरमध्ये किंवा बटणात. दोन्ही एकदम मंदावत असतील, तर दोघांना मिळून जो रस्ता आहे त्यावर कुठेतरी जोड ढिला आहे. तुमच्या पत्रावरून मला दुसरी शक्यता मोठी वाटते. बल्ब बदलून फरक पडला नाही, होल्डर बदलून पडला नाही, आणि वरची खोली नीट आहे.

वरची खोली नीट आहे हे मात्र एकदा खात्री करून घ्या. चांगल्या एलईडी बल्बच्या आत एक छोटं सर्किट असतं. व्होल्टेज १५० वर आलं काय आणि २५० वर गेलं काय, ते उजेड जवळजवळ सारखाच ठेवतं. त्यामुळे वर नवे बल्ब असतील, तर तिथेही व्होल्टेज पडत असून दिसत नसेल. देवघरातला पिवळा बल्ब असा लपवाछपवी करत नाही, व्होल्टेज थोडं हललं तरी तो लगेच सांगतो. तोच दिवसा मेन बंद करून, थंड झाल्यावर काढा आणि एक-दोन रात्री वरच्या खोलीत लावून बघा. खाली दिवे मिचमिचताना वर तो स्थिर राहिला, तर बिघाड खालच्या शाखेतच आहे. तोही हलला, तर तो मीटर, मेन स्विच किंवा बाहेरच्या न्यूट्रलपाशी आहे, आणि मग खांबावरचं काम होईपर्यंत घरातलं काही उकरू नका.

तो स्थिर राहील असं धरून पुढे जातो. वरच्या खोलीची लाईन मेनपासून नव्या वायरने, नव्या एमसीबीतून (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमधून) वेगळी नेलेली असणार. म्हणजे मेनपर्यंतचा रस्ता ठीक. खालची जुनी लाईन जिथून वेगळी होते तिथून पहिल्या दिव्यापर्यंत शोधायचं. आणि आपल्या भागातल्या जुन्या घरांत तिथे काय असतं? लाकडी बोर्डावर पांढरी चिनी मातीची किटकॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचा तारेचा फ्यूज, आणि ती बहुतेक वेळा दोन: एक फेजला, एक न्यूट्रलला. त्या काळी तशीच पद्धत होती. माझा सगळ्यात जास्त संशय त्या न्यूट्रलच्या किटकॅटवर आहे. तिच्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षांत सैल होतात, काळ्या पडतात, पकड जाते. कोरड्या हवेत जेमतेम चालतं, पाऊस सुरू झाला, हवेत दमटपणा आला, की पट्टीवर गंज धरतो आणि करंट अडखळायला लागतो. फ्रिज सुरू झाला की भार वाढतो, जोड तापतो, तापला की थोडा फुगतो आणि कधी पकडतो, कधी सोडतो. म्हणूनच तुमचे दिवे आपोआप बिघडतात आणि आपोआप सुधारतात.

आणखी एक जागा संशयाची. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते, आणि मधल्या दुरुस्त्यांमध्ये कुणी कुणी तिला तांब्याचा तुकडा पिळून, वर काळी टेप गुंडाळून ठेवलेला असतो. ॲल्युमिनियमवर हवेने एक थर चढतो, तो करंट जाऊ देत नाही. तांब्याशी थेट पिळलेल्या जागी ओल लागली की तो जोड आणखी लवकर खराब होतो. मातीच्या भिंतीत पावसाळ्याची ओल वर चढतेच. असा जोड सापडला तर टेप नवी लावून भागत नाही. खराब तुकडा कापून, दोन धातूंसाठी असलेला योग्य कनेक्टर घालून जोडायला हवं, आणि तोही भिंतीत गाडलेला नको, उघडता येईल अशा डब्यात हवा.

हा ढिला जोड फक्त त्रास नाही, तो आग आहे. तुम्हाला वाटेल, काही झालंच तर फ्यूज उडेल, एमसीबी पडेल. नाही पडणार. एमसीबी करंट जास्त झाला की पडतो. ढिल्या जोडात करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. फक्त उष्णता एका सुईएवढ्या जागी साठते. समजा त्या जोडाचा अडथळा अर्धा ओहम झाला आणि कुणी इस्त्री-हीटर मिळून १० अँपिअर घेतले, तर त्या एका स्क्रूपाशी ५० वॉट उष्णता तयार होते. तुमच्या घरात तो स्क्रू वाळक्या लाकडी बोर्डावर बसलाय. म्हणून बोर्डाजवळ चरचर आवाज, मासळी करपल्यासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास, पांढऱ्या किटकॅटवर तपकिरी डाग, यातलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवा, मेन बंद करा आणि माणूस येईपर्यंत ते सुरू करू नका. तोवरही खालच्या बोर्डावरून इस्त्री, हीटर, पाण्याचा रॉड लावायचा नाही. आणि किटकॅटची तार उडाली तर तिथे वायरीतला तांब्याचा जाड तुकडा घालणं हा प्रकार कुणालाही करू देऊ नका.

किटकॅट, बोर्ड, जोड यांना तुम्ही स्वतः हात लावायचा नाही. तुम्हाला जमणार नाही म्हणून हे म्हणत नाही. जुन्या बोर्डावर मेन बंद केल्यावरही मेनच्या वरच्या टोकांना करंट असतोच, आणि कुठली तार कुठून आली आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

वायरमन बोलवा, पण या वेळी नेमकं काम सांगून बोलवा. लायसन्स असलेला बघा. त्याला सांगा: नुसता टेस्टर लावून बघू नका. टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल धड आहे का ते सांगत नाही. दिवा चालू ठेवून पिन पॉइंटच्या फेज-न्यूट्रलच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर न्यूट्रल तुटलाय एवढं त्यावरून कळतं, पण ढिला न्यूट्रल टेस्टरला फसवतो. मीटरने मोजायचं, आणि तेही भार लावून. मेनपाशी व्होल्टेज मोजायचं, खालच्या लाईनीवर हजार वॉटची इस्त्री दोन मिनिटं लावायची, आणि त्याच वेळी खालच्या पॉइंटवर मोजायचं. इस्त्री साधारण साडेचार अँपिअर घेते. मेन आणि पॉइंट यांत सात-आठ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर मध्ये कुठेतरी जोड खराब आहे. मग एकेक टप्पा पुढे सरकत मोजत गेलं की जागा सापडते. ही एवढी चाचणी त्याच्यासमोर बिघाड झाला नाही तरी करता येते, म्हणून ती मागा. तो "गरज नाही" म्हणाला तर दुसरा माणूस बघा. तुमची वही त्याला दाखवा. चांगला कारागीर ती आनंदाने वाचेल.

न्यूट्रलची किटकॅट काढून तिथे थेट पक्का जोड करायला सांगा. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवू नये, कारण तो उडाला की दिवे जातात, करंट गेला असं वाटतं, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. फेजच्या बाजूला एमसीबी बसवा, दिव्यांच्या लाईनीला ६ किंवा १० अँपिअरचा.

वरच्या बाथरूमच्या मिणमिण्या दिव्याचं थोडक्यात सांगतो. बटणात छोटा लाल दिवा असेल, तर त्यातून झिरपणाऱ्या करंटवर एलईडी मिणमिणतो, त्यात धोका नाही. बटणाला तसा दिवा नसेल, तर नवी खोली करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं गेलेलं असण्याची शक्यता आहे. बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज राहतो. वायरमन आलाच आहे तर त्याच खेपेला ते उलटून घ्या, आणि तोवर तिथला बल्ब बटणाच्या भरवशावर बदलू नका.

दिवाळीपर्यंत थांबायचं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: खांबावरच्या न्यूट्रलची तक्रार आज. शेजाऱ्यांना विचारणं आज संध्याकाळी. वायरमनची भार लावून मोजणी, किटकॅट आणि खराब जोड या आठवड्यात. याला पैसे फार लागत नाहीत आणि मिस्टरांची वाट बघावी असं त्यात काही नाही. फोनवर त्यांना सांगा म्हणजे झालं. थांबवता येईल ते एकच काम: खालची सगळी जुनी वायरिंग काढून नवी घालणं. ओल्या मातीच्या भिंती पावसात फोडूही नयेत. दिवाळीला ते घरी आले, भिंती वाळल्या, की बसून ठरवा. वायर तांब्याची, दिव्यांना दीड एमएमची, पिन पॉइंटना अडीचची, गीझरला चारची, आणि भिंत न फोडता वरून केसिंग पट्टीतून नेलेली. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून झिरपला की पुरवठा तोडणारा स्विच, आणि नवीन अर्थिंग. मातीच्या घरात, जिथे भिंत दरसाल ओलावते, तिथे आरसीसीबी मी ऐच्छिक मानत नाही. पैशाची ओढाताण असेल तर नवी वायरिंग पुढच्या वर्षी करा, पण अर्थिंग आणि आरसीसीबी याच दिवाळीला बसवून घ्या.